आठ डोळ्यांचा गडगा

...आणि म्हणे मालनवहिनी डोकावतात. आता तुम्हीच सांगा, आमच्या दोन घरांमधला हा दगडी गडगा जेमतेम माझ्या छातीला लागतो, अलीकडे माझं मागीलदार, पलीकडे हरिश्चंद्र भावोजींचं खळं, म्हणजे अंगण, मी भांडी घासून उठले, कंबर धरून सरळ झाले, की समोर काय येणार? त्यांचं खळंच येणार ना, का गणपतीपुळं येणार? मी बघत नाही हो. मला दिसतं.

आणि दिसलं तर माणूस विचारणार की नाही? त्यांच्या दारात मासेवालीने टोपली उतरवली, मी आपलं सहज म्हटलं, "बांगडे काय हो, भावोजी?" तर टोपलीवर आडवा हात धरून उभे राहिले, जशी मी गडग्यावरून झेप घालून बांगडा उचलणार होते. अख्खी नोकरी पोफळीच्या पॉवर हाऊसमध्ये मीटरच्या काट्यांकडे बघण्यात घालवली या माणसाने, रिटायर होऊन आला नि मला म्हणतो कसा, "वहिनी, आता मला जरा निवांत जगायचंय." जगा की. मी काय तुमच्या उशाशी बसलेय?

बरं, तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण आगोटीच्या, पाऊस लागायच्या आधी एके सकाळी त्यांच्याकडे टेम्पो आला, त्यातून जांभ्याचे चिरे उतरायला लागले. मी म्हटलं, "काय, न्हाणीघर काढताय?"

"नाही. गडगा वाढवतोय."

"केवढा?"

तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात नेला नि म्हणाले, "एवढा."

तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला भात गिळवेना. मुलगा मुंबईत, सून दीप्ती शाळेत शिकवायला जाते ती संध्याकाळी येते, दिवसभर या घरात आवाज कुणाचा, तर कुकरचा. गडग्यापलीकडे चार माणसं वावरतात, कोण आलं, कोण गेलं, तेवढंच मला सोबत. तो वाढवला की मी काय चिऱ्यांशी बोलू?

दुसऱ्या दिवशी गंगाराम गवंडी यायचा होता. मी म्हटलं, शेवटचं टेकून घेऊ. गडग्यावर माझी कोपरं टेकायची एक जागा आहे, इतकी वर्षं टेकून टेकून तिथला दगड गुळगुळीत झालाय... तर टेकले, जरा पुढे वाकले, आणि पलीकडच्या अंगाला, अगदी वरच्या चिऱ्याच्या भोकात काहीतरी हललं. मोहरीएवढं. काळं, अंगावर हिरवट चमक, तोंडावर पांढरी रेघ. कोळी. आता कोळी काय मी पाहिले नाहीत? माळ्यावरचे लांब तंगड्यांचे, न्हाणीतले चपटे, सगळ्यांना केरसुणीचा प्रसाद दिलाय. पण हा वळून माझ्याकडे बघायला लागला हो. मी डावीकडे सरकले, त्याने डावीकडे तोंड फिरवलं. मी उजवीकडे, तो उजवीकडे. मनात म्हटलं, हा आपल्यातला दिसतोय.

शाळेला निघालेल्या दीप्तीला हाक मारली. ती सावर्ड्याची, बीएस्सी झालेली, तिने मोबाईलला भिंग लावून फोटो काढला नि कोळ्यांच्या ग्रुपवर टाकला. होय, कोळ्यांचासुद्धा ग्रुप असतो, मीही तोंडात बोट घातलं. तिकडून निरोप, "ओळखीचा वाटत नाही, डोळे नीट दाखवा." दाखवले. मीच मोजले, समोर चार, वर चार. आठ. आठ डोळे घेऊन हा गडग्यावर बसतो त्याला कुणी काही बोलत नाही, आणि माझ्या दोन डोळ्यांसाठी टेम्पोभर चिरे.

एवढ्यात गंगाराम थापी घेऊन हजर. मी गडग्यावर दोन्ही हात पसरले, "हात लावू नको मेल्या, दुर्मीळ आहे तो." दुर्मीळ म्हणालं होतं कोण? कुणीच नाही. पण वेळच तशी होती.

भावोजी आले. "काय झालं?"

"कोळी."

"मग झाडू आणा."

"आठ डोळे आहेत त्याला, भावोजी."

"असू देत. मला तुमचे दोनच जड झालेत."

पण फोटो बघून ग्रुपवरची मनस्वी म्हणून मुलगी दापोलीकडच्या मुरुडहून गाडी पकडून दुपारपर्यंत आली, आल्या आल्या भावोजींच्या चिऱ्यांच्या ढिगावर पालथी पडली नि भिंग लावून गडग्याच्या भोकात बघत राहिली, ती उठेचना. गंगारामला वाटलं घेरी आली, तो पाणी घेऊन धावला. शेवटी उठली, कपडे झटकले नि म्हणाली, "मावशी, हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांतला, एवढं नक्की. पण हे पिल्लू आहे. मोठं झाल्याशिवाय नेमका कुठल्या जातीचा ते सांगता येणार नाही. नवीन असेल, नसेलही." म्हणजे मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन 'कळवतो' म्हणतात ना, तसंच. "तोवर चिरा हलवू नका, सिमेंट नको. आणि कुणीतरी रोज लक्ष ठेवायला हवं."

मी पदराला हात पुसून पुढे झाले. उभा जन्म याचीच तर तालीम केलीय. पण ती बघते भावोजींकडे. "भोक तुमच्या बाजूला उघडतं, काका. तुम्ही काय करत होता?"

"पॉवर हाऊसला ऑपरेटर."

"अरे वा, म्हणजे तासातासाला बघायची सवय असेल."

संपलं. माणूस विरघळला.

आता ट्यूब बदलायचं उंच स्टूल गडग्याला लावून, डोक्याला टोपी, हातात भिंग, सकाळच्या चहापासून भावोजी ड्यूटीवर. मी भांडी घासून उठले की समोर खळं नाही, भावोजींचं तोंड. "वहिनी, दीप्तीचा डबा ओट्यावर राहिला." "वहिनी, मुंबईचा फोन होता काय, बराच वेळ चालला." परवा मासेवालीकडून घेतलेल्या शिंपल्यांचं पातेलं मी पदराखाली झाकून आणत होते, तर स्टुलावरून आवाज, "तिसऱ्या ना? नारळ जरा जास्त घाला."

मग मात्र मी गेले. गोडीत म्हटलं, "भावोजी, गडगा वाढवायचं काय झालं? चांगले चिरे उन्हात पडलेत."

भिंगावरची नजर न काढता म्हणाले, "पिल्लू आहे अजून, वहिनी. मोठं होईपर्यंत हात लावायचा नाही. तुम्हीच अडवलंत ना गंगारामला?"

"मग तोवर तुम्ही आमच्या घरात बघत बसणार?"

भिंग खाली ठेवलं. टोपी सारखी केली. आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"मी बघत नाही हो, वहिनी. मला दिसतं."