वाटीतलं पाणी

हसू नका, पण जन्मभर प्राणिशास्त्र शिकवूनही मला पाळायला सोपा सरडा निवडता येईना. सहा फूट लांब, बुटकी, बिनझाकणाची काचेची टाकी मात्र आधीच सजवली: वाळू, दिवा, करवंटी, पाण्याची वाटी. पाणी रोज कमी व्हायचं. दिव्याने उडत असेल, असं समजून मी आत हात घालून वाटी भरायचो. शेवटी अनसिंगचा माझा जुना विद्यार्थी गौतम, आता सर्पमित्र, त्याला सल्ल्यासाठी बोलावलं.

टाकीत वाकून तो म्हणाला, "सरडा मंग पाहू, सर. हात किती दिवसापासून घालून राह्यले?"

"आठवडा झाला. का रे?"

त्याने काठीने करवंटी उलटवली. खाली ताजी कात होती.

"मण्यार."

"मग ती कुठे आहे?"

"सर, पाय खुर्चीवर घ्या."