भाजायचे चारशे रुपये

...नाही, पण मला एक सांगा, माझ्याच घरात पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, हे पाच वर्षांच्या मुलीने ठरवायचं का? एप्रिल महिना, लालबाग, बनियन पिळलं तर बादली भरेल, मी आपला सोफ्यावरून हात लांब करून रेग्युलेटर हळूच तीनवर नेतो, हळूच हां, मांजराच्या पावलाने... की आतून ओरड, "आईऽऽ, बाबांनी तीन केलाऽऽ!" ही ओवी, माझी पोटची मुलगी! आणि तिची आई, प्राची, ओरडत नाही हो, ओरडली असती तर बरं झालं असतं, ती शांतपणे म्हणते, "हितेंद्र, पाच तारीख थांबत नाही." झालं! पंखा दोनवर.

पाच तारीख म्हणजे हप्ता. घराचा. साठ हजार सातशे! दर महिन्याला, वीस वर्षं, त्यातलं आत्ता कुठे दीड वर्ष सरलंय. सतराव्या मजल्यावर वन बीएचके, म्हणजे हॉलमध्ये बसून पाय पसरले की बेडरूममध्ये निघतात, पण आपलं आहे! चिंचपोकळीची चाळीतली खोली बाबांनी विकली, ते आणि आई गेले कणकवलीला, ते पैसे यात घातले, वरती बँकेचे घातले. म्हणजे हे घर गेलं ना, तर परत जायला मागे ती खोलीसुद्धा नाही हो! हा विचार मला दिवसातून चारदा येतो. आणि जानेवारीत प्राचीच्या कंपनीने मेल पाठवला, "आम्ही टीम छोटी करत आहोत, तुमच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा." शुभेच्छा भरतात का हो बँकेत? माझे पगाराचे पंच्याण्णव, त्यातले साठ सातशे गेले की उरले चौतीस हजार तीनशे आणि तीन माणसं. मग प्राचीने वही काढली.

आमच्याकडे काय काय बंद झालं म्हणून सांगू? गाडी विकली. ठीक. ओटीटी बंद, ठीक, ओवीला वाटतं टीव्ही बिघडलाय. हॉटेल बंद, एसी बंद, शॉवर बंद, बादलीच, ती पण अर्धी. सकाळी मी डोक्याला साबण लावतो आणि बाहेरून विचारणा, "किती उरलंय?" शेजारच्या मृणालिनीकाकूंनी परवा ओवीला चॉकलेट दिलं, तर ती घेईना! म्हणते, "काकू, हे फुकट आहे का?" काकू हसल्या, मीही हसलो, घरात येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. लाज वाटली, खरं सांगतो. पण करणार काय? पाच तारीख थांबत नाही!

आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, तुमच्यात ठेवा. मी पण एक बंद केलं. प्राचीला न सांगता. घराचा आगीचा विमा! जानेवारीतच आला होता भरायला, एकोणतीसशे रुपये, मी म्हटलं, सतराव्या मजल्यावर कोण येतंय आग लावायला? नाही भरला. एकोणतीसशे वाचवले, छाती फुगली. तीनचार दिवस फुगलेली राहिली, मग झोप लागेना, मग कुठे नुसता काडेपेटीचा आवाज आला तरी मी दचकायला लागलो. पण आता सांगू कसं? जिच्या वहीत खोबरेल तेलाची बाटली किती दिवस पुरली हे लिहिलेलं असतं, तिला हे सांगायचं?

आणि अशात आला मसाला! मालवणी माणूस एक वेळ कपडे घेणार नाही, पण वर्षाचा मसाला? एप्रिलमध्ये घरात मसाला नाही म्हणजे सुतकच! दरवर्षी आम्ही काय करतो, लालबागला खाली उतरायचं, मिरची घ्यायची, धणे, खडा मसाला घ्यायचा, तिथेच भाजून देतात, तिथेच डंकावर कुटून देतात, डबा भरून घरी. पण प्राचीने हिशोब विचारला. मिरचीचे वेगळे, भाजायचे वेगळे, कुटायचे वेगळे! भाजायचे चारशे! तिने फोन लावला माझ्या आत्याला, कमलआत्या, अजून चिंचपोकळीच्या चाळीतच असते, आणि आत्या काय म्हणते, "मेल्यानू, भाजूचे पैशे कित्याक देतास? आमी कधी दिले? घरात गॅस नाय काय?"

घरात गॅस आहे. पाइपचा आहे. चारशे रुपये वाचले! पाच किलो मिरची आणली, बेडगी आणि संकेश्वरी, पाच घेतली की किलोमागे वीस कमी म्हणून पाच. रविवारी सकाळी प्राचीने पदर खोचला, कढई चढवली. आता चाळीत मिरची भाजतात तेव्हा दार उघडं, गॅलरी उघडी, अख्खा मजला शिंकतो, कुणी काही बोलत नाही, कारण उद्या त्यांची असते. पण टॉवरमध्ये? मागच्या महिन्यात आम्ही खिडकीत सुके बोंबील ठेवले होते, तर सेक्रेटरी, माधवसर, एकदम शुद्ध माणूस, ग्रुपवर, "सदस्यांनी कृपया वासाचे भान ठेवावे. आपल्या इमारतीचा एक दर्जा आहे." म्हणून यावेळी आम्ही भान ठेवलं! खिडक्या बंद. दाराच्या फटीत ओला टॉवेल. आणि एक्झॉस्टचा पंखा फुल्ल! तो पंखा धूर कुठे टाकतो? डक्टमध्ये. आणि डक्ट बावीस मजल्यांचा एकच! हे कुणाला माहीत असतं हो? तुम्हाला माहीत होतं?

तिसरा घाणा चालू होता आणि वरच्या मजल्यावर अलार्म वाजला. "कृपया ध्यान दीजिए... इमारत में आग की सूचना है... लिफ्ट का प्रयोग न करें..." ती बाई किती गोड बोलते! आग! खरी आग! कुठे लागलीय? आणि विमा? नाही भरला! तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी आमच्या दोघांच्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे आपणच आहोत. का? कारण आम्हाला ठसकाच लागत नाही! लहानपणापासून नाकात मिरची घेऊन वाढलेले आम्ही, आम्हाला तो धूर म्हणजे रविवार वाटतो! प्राचीने गॅस बंद केला, मी ओवीला खांद्यावर घेतलं, आणि दुसऱ्या हातात काय घेतलं माहितीय? बँकेची फाइल! दागिने नाहीत, पासपोर्ट नाही, ज्या कागदांनी माझी झोप उडवली तेच कागद छातीशी धरून मी जिना उतरतोय!

जिन्यात ही गर्दी! वरचे सगळे खोकत, रडत, डोळे चोळत. एक बाई म्हणाली, "काहीतरी केमिकल जळतंय हो!" प्राचीने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, "हळू, काकू, हळू." आणि खांद्यावरून ओवी, खणखणीत आवाजात, "बाबा, घर जळलं तर इएमआय पण जळतो ना?" तुम्हाला सांगतो, खोकला थांबला लोकांचा! कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकाला उत्तर ऐकायचं होतं. मी म्हटलं, "नाही बाळा. पाच तारीख थांबत नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "आमची सात."

खाली बंब आला. जवान मास्क लावून वर पळाले. आम्ही खाली उभे, मी सतराव्या मजल्याकडे बघतोय, आमच्या खिडकीतून काहीच दिसत नाही, आणि मनात एकच, देवा, बाबांची खोली गेली आता या घराचं काही होऊ देऊ नको, मी पंखा बंद करीन, कायमचा! वीस मिनिटांनी एक जवान खाली आला. रघुवीर, नाव होतं शर्टावर. मास्क काढला, डोळे लालभडक, आणि हातात... आमची कढई! सगळ्या सोसायटीसमोर! "सतराशे तीनवाले कोण? वैनी, मिरच्ये भाजतास तर खिडकी तरी उघडी ठेवूक व्हयी होती!" मग कढईत नाक घालून, "संकेश्वरी बरी आसा मात्र."

माधवसर आले. "हितेंद्र, मी समजू शकतो. पण दंड पाच हजार." पाच हजार! चारशे वाचवायला गेलो होतो हो! अर्धवट भाजलेल्या मिरचीची कढई प्राचीने कमरेवर घेतली, लिफ्ट अजून बंद, आम्ही जिना चढायला लागलो. अकराव्या मजल्यावर ती पायरीवर बसली आणि एकदम रडायला लागली. "मी घर सांभाळायला बघतेय रे, आणि मीच..." मग माझ्याने राहवेना. मी म्हटलं, प्राची, तू काय, मी तर विमाच भरलेला नाही, जानेवारीपासून, आज काही झालं असतं तर आपण रस्त्यावर असतो. म्हटलं आणि डोळे मिटले. आता कढई डोक्यात येणार!

कढई आली नाही. ती नाक पुसत म्हणाली, "मी भरला. फेब्रुवारीत. आठवणीचे मेसेज माझ्या मोबाइलवर पण येतात."

"अगं, पण पैसे? कुठून आणलेस?"

"वाढदिवसाला तू साडी आणलीस ना, अबोली. ती दुकानात परत केली."

"परत केलीस? मग परवा लग्नाला नेसली होतीस ती?"

"ती आत्याची. तुला कुठे कळतंय."

म्हणजे तुम्हीच बघा आता... मी बायकोला वाढदिवसाला आगीचा विमा भेट दिला, आणि गेले दोन महिने तिला सांगतोय, रंग तुला खुलून दिसतो!