धुण्याचा दगड

तलवाड्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर एक नवरा-बायको बोलत होती.

“अवो, लढाईच्या रानातून येताना वीरगळ कावून उचलून आणला?”

“धुण्याला सपाट दगड पायजे म्हणालीस. मेलेल्या शिपायाला तो कशाला लागतोय?”

“पालथा घातला तर रोज सकाळी उताणा! परत ठेवून या म्हणलं, तर तसाच घेऊन आलात.”

“जागा रिकामी न्हाई, ईश्वरी. तिथं नवा कोरा वीरगळ उभा हाय.”

“त्याच्यावर कोण कोरलंय?”

“घोडा न्हाई, तलवार न्हाई. मफलर गुंडाळलेला माणूस हाय.”

“तुमच्यासारखा?”

“नाक बी माझंच.”

“अगं बाई! मफलर कावून काढताय?”

“लई गरम होतंय.”

“आन् नाकाचं काय करणार?”