हातभर लांबून वाइन

हसू नका, पण पुण्यातल्या एका भारी हॉटेलात वाइन हुंगायची कशी, हे आमच्या मोरेमामांनी शिकवलंय.

मामा कुरकुंभच्या केमिकल कंपनीत लॅबला, मी त्यांच्या हाताखाली. ऑडिट पार पडलं म्हणून साहेबांनी आम्हा दोघांना जेवायला नेलं. तिथं दर चीजसोबत वेगळी वाइन. वेटर म्हणाला, "सर, आधी वास घ्या."

मी मामांच्या कानात म्हणालो, "मामा, चुकलो तर इज्जत जाईल."

"वास घ्यायचाच पगार हाय आपल्याला," मामा म्हणाले. त्यांनी ग्लास हातभर लांब धरला आन् दुसऱ्या हातानं वारा घातल्यासारखा वास हळूहळू नाकाकडं ओढला. मीबी तसंच केलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी बघितलं आन् त्यांनीबी ग्लास लांब धरला. मग त्यांच्या मिस्टरांनी. साहेब रुमालात तोंड घालून हसत होते.

वेटर अदबीनं वाकला. "सर, हे कुठं शिकलात? फॉरेनला?"

मामांनी चीजचा तुकडा निवांत चघळला. "न्हाई, कुरकुंभला. तिथं बाटलीला नाक लावलं, की माणूस दवाखान्यातच शुद्धीवर येतो."