नेहमी वर

—नाही, माझा हातसुद्धा लागलेला नाही. तुझा प्रोग्रॅमच बिघडला असणार, हेतल. बस ना, खुर्चीवरचे कपडे सरकव. ही कोपऱ्यातली छोटी विंडो, तिच्यात कॅमेऱ्यातून दिसणारी आतल्या खोलीतली चंद्रावती, पलंगावर. चैत्रात तूच बसवून दिलीस. म्हणालीस, काका, पेपर वाचा, काहीही उघडा, ही नेहमी सगळ्यांच्या वर राहील. राहिली? सोमवारी गेली खाली. ती खाली गेली आणि तुझी काकू दाराबाहेर — अनवाणी, थेट गोवा रस्त्यापर्यंत. आपटा गावी, माहेरी जेवायला बोलावलंय म्हणे. माहेरी आता कुलूप लावायलाही कोणी उरलेलं नाही. दयाराम रिक्षावाल्याने ओळखलं म्हणून बरं. फोनवर मला म्हणतो, "काका, काकू इथं हायवेला हाय. तुमी घरात काय करता?"

काय करणार, वाचत होतो. — बरं, पत्ते. संगणकावरचे, एकट्याने खेळायचे. गुन्हा आहे? ते जाऊ दे. आज संध्याकाळी शैलेश येतोय. मुलगा आहे मला, हो, वर्षातून दोनदा असतो. म्हणतो, बाबा, तुम्हाला जमत नाही, आईला संस्थेत ठेवू. जागा बघून आलाय, बाग आहे म्हणाला. बाग. तू त्याला एवढंच सांग, यंत्राची चूक होती. तू प्रोग्रॅम लिहितेस, तुझं ऐकेल. माझं तो पोस्टमनइतकंच ऐकतो — सही करतो आणि दार लावतो.

हे काय उघडलंस? नोंदी? तुझा प्रोग्रॅम नोंदी ठेवतो — वेळेसकट? आमचं आवक-जावक रजिस्टर बरं होतं, त्यावर निदान शाई सांडता यायची. "सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं. 'नेहमी वर' समोरची खूण काढली." काढली म्हणजे — माऊस घसरला असेल. उजवं बटण दाबून यादी उघडावी लागते? मग यादीतही घसरला असेल. अशी बघू नकोस गं.

चौतीस वर्षं कारकुनी केली मी. नको असलेली फाइल कोणी खाली ठेवत नाही, ती आपोआप जाते — साहेबाला असंच सांगायचं असतं. तुझी काकू बघते ना माझ्याकडे. कॅमेरा कुठे आहे ते तिला कळलंय. उशीवरून मान वळवते, त्यात बघते आणि विचारते, भाऊ, तुम्ही कोण? सोमवारी अकराच्या आत सात वेळा. सातही वेळा नाव सांगितलं, गाव सांगितलं, लग्नाची तारीख सांगितली. आठव्यांदा विचारायच्या आत — म्हटलं, दहा मिनिटं. दहाच मिनिटं पत्ते वर राहू देत. चाळीस झाली.

आता ऐक. ती खूण यादीतूनच काढून टाक. बंद करायची फुलीही. वापरणाऱ्याला सोय हवी म्हणतेस? वापरणाऱ्याला तू आता ओळखतेस. — झालं? थांब, पत्ते उघडून बघतो. राहिली वर. राजा झाकला गेला, चालेल.

आणि ती सोमवारची नोंद, पुसता येते? — विचारलं फक्त. नको. कागदावर छापून दे. शैलेश चहा प्यायला बसला की बशीखाली ठेवेन. बागेबद्दल मग त्यानेच काय ते बोलावं.

गप्प. उठून बसली ती. इकडेच बघतेय.

तू जा आता. दार ओढून घे, कडी मी लावतो. — हो गं, आलो. सांगतो, कोण ते.