सहीपुरती नगरसेविका

नाही हो, बोबडाच होता तो, चांगला सात वर्षांचा होईपर्यंत — 'र' काही केल्या यायचा नाही, 'रस्ता' म्हणायचा तर 'लस्ता' — हसताय काय, लिहा ना! साहेबांच्या साठीचा गौरवग्रंथ काढताय, आठवणी गोळा करत फिरताय, मग ही पहिली आठवण घ्या. आणि 'दादा, दादा' काय चालवलंय मघापासून? मी त्याची सख्खी थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी, आणि अख्खा जिल्हा दादा म्हणतो त्याला. मी धाकटाच म्हणते. तोंडावरसुद्धा. बसा, त्या स्टुलावर बसा, ती खुर्ची डुगडुगते. हा माझा टायपिंगचा क्लास — होता. सहा मशिनं होती, आता दोन आहेत, तीही आपली झाकून ठेवलेली. याच भिंतीशी उभा करायचे मी त्याला. हातात वर्तमानपत्र, अग्रलेख, मोठ्यानं वाच! वाक्याच्या शेवटी आवाज पाडलास तर पुन्हा पहिल्यापासून. लोक टाळी वाजवतात ती वाक्य संपता संपता, तिथंच तू मेल्यासारखा बोललास तर कोण वाजवेल? — हे कोणी शिकवलं? मी. आणि मधेच थांबून चष्मा पुसायचा, म्हणजे लोकांना वाटतं गळा दाटून आलाय — तेही माझंच. त्याला तर नंबरही नाही हो डोळ्यांचा! साधी काच आहे ती.

मत्सर? छे छे. मत्सर कशाला करू? माझ्याच हाताखालचा तो. आता लोक काय काय बोलतात त्याच्याबद्दल — तीन पक्ष बदलले, फेरीवाल्यांच्या गाड्या उचलायला लावल्या आणि पुढच्याच वर्षी त्याच फेरीवाल्यांचा मोर्चा घेऊन पालिकेवर गेला, इंजिनिअरच्या टेबलावरची फाईल फाडून त्याच्याच अंगावर उडवली — सगळं खरं आहे. पण लोकांना आवडतं ते. मी एकदा नळाच्या खात्यात नुसता आवाज चढवला तर 'बाई भांडखोर आहे' म्हणाले. आणि हा फाईल फाडतो तर 'वाघ आहे वाघ'!

नळाचं खातं कुठून आलं म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही? कमाल आहे, त्याच्या ऑफिसात काम करता आणि एवढंही सांगितलं नाही कुणी! अहो, घरातली पहिली निवडणूक मी जिंकले. मी! वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, याला उभं राहता येईना, म्हणून मला उभं केलं. पोस्टरवर माझा फोटो एवढासा आणि याचा हा एवढा. निवडून आले तर पालिकेत माझ्या खुर्चीत हा बसायचा आणि मी मागं, भिंतीशी, बाकावर. कागद यायचे, ज्या जागी सही करायची तिथं त्यानं पेन्सिलीनं फुली मारलेली असायची. फुली दिसली की सही. सहीपुरती नगरसेविका! एक वर्ष केलं तसं. मग म्हटलं, वाचून तर बघू. टायपिंग शिकवणारी बाई मी, एका नजरेत पान वाचते. वाचायला लागले आणि कळायला लागलं — कोणत्या गल्लीची पाइपलाइन कागदावर झाली आणि जमिनीत झालीच नाही ते. त्या गल्लीत मी स्वतः उभी राहिले, चार दिवस, खोदाई होईपर्यंत. पाणी आलं! बायका घागरी घेऊन बाहेर आल्या ना, तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. त्याच्याकडे नाही. तो होता तिथंच, हार घालून उभा होता, पण बघत माझ्याकडे होत्या. आणि मग कामं घेऊन लोक इथं यायला लागले, या जिन्यावर रांग. त्याच्या घरी नाही, इथं.

ते त्याला दिसलं. न दिसायला काय झालं! पुढच्या खेपेला वॉर्ड खुला झाला. तो म्हणाला, ताई, आता मी. मी म्हटलं, का रे बाबा? मी भरला अर्ज, अपक्ष म्हणून भरला. माघारीच्या दिवशी आला इथं, बरोबर पन्नास माणसं आणि फोटोग्राफर. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडला. आणि रडायच्या आधी — काय सांगू तुम्हाला — चष्मा पुसला! माझ्यावरच! मला सगळं कळत होतं हो, आणि तरी माझा हात गेला त्याच्या पाठीवर, आणि अर्जही मागं घेतला. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, 'ताईंचा दादांना आशीर्वाद'. मग तो नगरसेवक, मग आमदार, मग मंत्री. मी आपली इथं, मुलींना सांगत बसले — मधल्या बोटानं दाबा, नजर कागदावर ठेवा.

हो, मंत्रिपद गेलं ना. ते पदवीचं प्रकरण. अर्जात लिहिलं होतं पदवीधर, आणि निघाला शेवटच्या वर्षाला दोन विषयांत नापास. कोणी काढलं कोण जाणे. विरोधकांनी काढलं असेल. माणसानं एवढं करावं का, नाही? सरळ गुणपत्रिकेची झेरॉक्स काढायची, वर्तमानपत्राला पाठवायची, पाकिटावर पत्ता डाव्या हातानं लिहायचा, चार गल्ल्या सोडून लांबच्या पेटीत टाकायचं — काय? डाव्या हातानं ते... छापून आलं होतं की तेव्हा. नव्हतं आलं? मग ऐकलं असेन कुठंतरी.

असं बघू नका. गुणपत्रिका आईच्या ट्रंकेत होती, ट्रंक माझ्याकडे होती, झालं समाधान? बारा वर्षं होती माझ्याजवळ. मी काही केलं नाही बारा वर्षं! मग त्या वर्षी टीव्हीवर मुलाखत दिली त्यानं, बाईनं विचारलं, एवढं सुंदर बोलायला कुठं शिकलात? म्हणाला — 'हे उपजतच असतं.' उपजत! जन्मला तेव्हा मी तिथं होते हो, सात वर्षं 'लस्ता' म्हणत होता! मी टीव्ही बंद केला आणि ट्रंक उघडली.

आणि झालं काय? मंत्रिपद गेलं, बरं वाटलं मला, दोन महिने नीट झोपले. मग निवडणूक आली, त्यानं चौकात सभा घेतली, व्यासपीठावर उभा राहिला आणि म्हणाला, 'होय, मी नापास आहे. तुमच्यातले किती जण नापास आहेत? हात वर करा.' सगळे हात वर! आधीपेक्षा दुप्पट मतांनी आला. मी चौथ्या रांगेत होते. आणि तुम्हाला सांगते, वाक्य संपलं ना, आवाज अजिबात पडू दिला नाही त्यानं — मी टाळी वाजवली. सगळ्यांच्या आधी. हात ऐकतच नाहीत मेले.

त्याला कळलं असेल का? कधी बोलला नाही. इथं यायचा मात्र बंद झाला. नऊ वर्षं झाली. म्हणूनच तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, चला, साठीच्या निमित्तानं का होईना, आठवण झाली. मघापासून पिशवीत काय चाचपताय? द्या इकडे. ग्रंथाचा फॉर्म आहे का? चष्मा... असू दे, दिसतंय.

हा तर उमेदवारी अर्ज. आपलाच वॉर्ड. पुन्हा महिला राखीव झालाय? बघा, मला पत्ताही नाही. आणि हा... हा भरलेला आहे की. अक्षर त्याचंच आहे. म्हणजे त्यानं माझं... थांबा, वाचू द्या.

उमेदवार — त्याची सूनबाई.

अच्छा. आणि मी इथं खाली. सूचक. 'सूचकाची सही'. आणि पेन्सिलीची फुली. अजून मारतो तो फुली! म्हणजे वॉर्डातल्या लोकांना अजून मी आठवते, म्हणून माझी सही हवी, होय ना? आणि ते ग्रंथाचं? तेही आहेच, हो, तेही आहेच. सूनबाई घरात येऊन चार वर्षं झाली ना? एक विचारू? ती... बोलते कशी? भाषण? चांगली बोलते? छान बोलते. कोण शिकवतं तिला? तो स्वतः?

भिंतीशी उभी करून?

बरं.

नाही, रागावले नाही. पाकिटाचं सांगायचं तर सांगा त्याला खुशाल. पण आत्ता सही नको, आता नीट वाचल्याशिवाय सही करत नाही मी. अर्ज ठेवून जा. मुदत कधी, परवा दुपारी तीन? मग वेळ आहे. आणि ऐका, ऑफिसातून एखादा कोरा अर्ज जास्तीचा देतात ना, चुकला तर असावा म्हणून? आणलाय तुम्ही? तोही ठेवा.

कशाला म्हणजे? सूनबाईंचा चुकला तर!

निघा आता. जिना उतरताना कठड्याला धरा. नको, पेन नको तुमचं, माझ्याकडे आहे.