अकरावर संपलेला गेम

चूक माझ्या बापाची. साहेबाला मी दोष देत नाही, तो साहेबासारखाच वागला.

लक्ष्मीबाई नगरच्या हॉलमध्ये माझी आणि भिडे साहेबांची टेबल टेनिसची मॅच होती. जिंकेल त्याला कॉलनीच्या टीममधली उरलेली एक जागा. अंपायर माझे बाबा, आणि ऑफिसात बाबांचा वार्षिक रिपोर्ट लिहिणारे हेच भिडे.

गेम आता एकवीसचा नाही, अकराचा, ही नोटीस आदल्या दिवशी बाबांनीच बोर्डावर लावली होती. मी अकरा-सहाने जिंकलो आणि हात मिळवायला पुढे झालो.

"अरे थांब यार," साहेब म्हणाले. "गेम एकवीसचा असतो. काय जोशी?"

बाबांनी बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही. "बिल्कुल सर. एकवीस."

भांडायचाही कंटाळा आला. मी बॅट ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. साहेब रिकाम्या टेबलावर सर्व्हिस करत राहिले. दर वेळी बाबा वाकून खुर्चीखालचा बॉल काढून देत आणि मोजत, "सात-अकरा. आठ-अकरा."

पाच सर्व्हिस झाल्यावर बाबा चाचरले. "सर, जुन्या नियमाने आता सर्व्हिस त्याची."

"तो करतोय का?"

"नाही सर. तुम्हीच करा."

एकवीस-अकरा झाल्यावर बाबांनी टाळ्या वाजवल्या.

टीममध्ये साहेब गेले. या खेळासाठी मी कॉलेज सोडलं होतं. आता दोन्ही नाही.